सोमवारचं उतरणं

"फक्त एकदा," मी म्हणाले. "उतरताना आवाजाची कळ शून्यावर ठेवा. बाकी सगळं नेहमीसारखं."

लेफ्टनंट कमांडर दिग्विजय भोईटे विमानाच्या शिडीवर तिसऱ्या पायरीशी थांबले. हेल्मेट काखेत, हातमोजे दातांत. ते काढून त्यांनी विचारलं, "आणि ती ओरडली तर?"

"ओरडेलच. तुम्हाला ऐकू येणार नाही, एवढंच. प्रयोग तोच आहे."

"मॅडम, कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर परत जातो का?"

"आधी चोर आहे हे सिद्ध व्हायला हवं."

ते हसले नाहीत. वर चढून आसनात बसले. खाली चीफ सदाशिव रेडकर उभे होते, विमानांची देखभाल बघणारे, अधिकारी नसलेले ज्येष्ठ नौसैनिक. पंखांखालच्या क्षेपणास्त्रांच्या सुरक्षा-पिना काढून झाल्यावर त्या लाल फितींसकट हातात धरून वैमानिकाला एकेक दाखवायच्या, आणि त्यानं त्या बोटांनी मोजून अंगठा वर करायचा, असा तिथला रिवाज होता. रेडकरांनी सात पिना दाखवल्या. भोईट्यांनी त्या दोनदा मोजल्या. मग माझ्याकडे पाहून कळ फिरवल्याची खूण केली.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची, सप्टेंबर महिन्याच्या अखेरची गोष्ट. कोकण किनाऱ्यावरच्या नौदलाच्या एका विमानतळावर मी चार दिवसांसाठी आले होते. मी संरक्षण प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ. नौदलाच्या लढाऊ विमानांत बसणाऱ्या इशारा-संचावर माझं काम चालत असे. या संचाचे चार कान असतात, दोन पंखांच्या टोकांना, एक नाकाशी, एक शेपटीशी. कुणाच्या रडारचा किरण विमानावर पडला की संच त्याचे स्पंद मोजतो, आपल्याजवळच्या सूचीशी ताडून पाहतो, आणि ते क्षेपणास्त्राला वाट दाखवणारं रडार आहे असं वाटलं तर तांबडा दिवा लावून वैमानिकाच्या कानात ओरडतो. त्यानंतर वैमानिकाजवळ फार थोडे सेकंद उरतात. तेवढ्यात त्यानं वळायचं, शत्रूच्या रडारला आंधळं करणारं यंत्र चालू करायचं, किंवा मागे चंदेरी तंतूंचा ढग सोडायचा, म्हणजे क्षेपणास्त्र विमान सोडून ढगाच्या मागे लागतं.

जूनपासून या तळावरच्या विमानांतला संच उतरण्याच्या वेळी ओरडू लागला होता. समोर स्वतःचीच धावपट्टी, खाली स्वतःचाच समुद्र, आणि कानात मात्र क्षेपणास्त्राचा इशारा. आठवड्याभरात वैमानिकांनी तिचं नाव ठेवलं: आत्याबाई. घरी परतताना दारातच कटकट करणारी. पुढे त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली. एकट्या भोईट्यांना मात्र ती लागली नाही. चार वेळा त्यांनी उतरणं अर्धवट सोडून विमान वर घेतलं. पाचव्या वेळी, जुलैत, चंदेरी तंतू सोडले. ते वाऱ्यानं गावावर गेले, विजेच्या तारांवर पसरले, तारा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि बर्फाचा कारखाना दीड तास बंद पडला. बर्फवाल्यांचं शिष्टमंडळ तळाच्या फाटकावर आलं. तेव्हापासून भोजनगृहात भोईटे शिरले की कुणीतरी तोंडानं बारीक शिट्टी घाली आणि दुसरा म्हणे, "सर, वळा वळा, आत्याबाई आली!"

दोन वर्षांपूर्वी भोईट्यांनी जळत्या विमानातून उडी टाकली होती. त्यामुळे ते तेव्हापासून भेदरले आहेत, हे निदान सर्वांच्या ओठांवर तयारच होतं. बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्यापुढे वैद्यकीय मंडळ बसणार होतं. इशारा खोटा आहे असा माझा अहवाल गेला, तर खोट्या इशाऱ्याला बिथरणारा वैमानिक म्हणून त्यांचं उडणं कायमचं बंद होणार होतं. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. परंतु मोजमापाला माणसाची दया येऊ लागली की ते मोजमाप राहत नाही, असं मी तेव्हा मानत असे. आजही बहुतांशी मानते.

पन्नास मिनिटांनी विमान परतलं. खाडीवरून वळलं, चाकं बाहेर काढली आणि सुतात ओवल्यासारखं सरळ येऊन टेकलं. संचाची नोंद मी स्वतः काढली. उतरताना इशारा अडतीस सेकंद चालू होता. वैमानिकाला ऐकू न आल्यामुळे काहीही घडलं नव्हतं.

"पाहिलंत?" मी म्हणाले. "आवाज नाही, तर त्रास नाही."

भोईट्यांनी हातमोजे काढले. "पाहिलं," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या मते ती कोण आहे?"

"ट्रॉलर. मासेमारीच्या बोटींवर या वर्षी नवी रडारं बसली आहेत. त्यांची वारंवारता आमच्या सूचीतल्या एका क्षेपणास्त्र-रडारच्या अगदी जवळ येते. संच फसतो. सूचीत एक ओळ बदलायची, विषय संपला."

"ट्रॉलरचं रडार टिकटिकतं. फिरत असतं ना ते. येतं, जातं, पुन्हा येतं. ही तशी नाही. ही धरते. मानेवर बोट ठेवल्यासारखी."

"ही तुमची भावना झाली. नोंदीत तसा फरक दिसत नाही."

"नोंद खोटी असेल."

"नोंद यंत्र करतं," मी म्हणाले. "यंत्राला विमानातून उडी मारावी लागलेली नाही."

हे वाक्य मी बोलले. ते इथे गाळता आलं असतं.

भोईट्यांनी हातमोजे पुन्हा दातांत धरले, हेल्मेट उचललं आणि चालू लागले.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. सव्वादोन पानं. पथकाचे प्रमुख कमांडर चित्रे यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "भोईटेचं वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "हात सोन्याचा आहे पोराचा. पण पाय मातीचे निघाले, त्याला कोण काय करणार? मंडळापुढे तुम्ही असाल ना? डॉक्टर लोकांना रडारमधलं काही कळत नाही."

"बुधवारी दुपारची गाडी आहे माझी. तोवर आहे."

मंगळवारी दिवसभर पाच विमानं उतरली. एकाही वेळी इशारा आला नाही. मी तो आकडा टिपला आणि समोर लिहिलं: योगायोग. सायंकाळी पाचच्या सुमारास चीफ रेडकर माझ्या टेबलाशी आले. पन्नाशीला टेकलेला, वेंगुर्ल्याकडचा, हडकुळा माणूस. टोपी काखेत, हातात शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही.

"बाई, जरा गजाल होती."

"बोला."

"ही माझी वही. सरकारी नाही. आत्याबाई कधी ओरडली, कधी नाही, वारा कुठला, सगळं लिहिलंय." त्यांनी एक पान उघडलं. "जून-जुलै. पावसामुळे विमानं मोजकीच उडाली. मासेमारीला बंदी. ट्रॉलर सगळे किनाऱ्यावर झापाखाली. तरी सात वेळा ओरडली."

"बंदीतही चोरून बोटी जातात, चीफ."

"जातात. पण रडार लावून कोण चोरी करतो?"

मी उत्तर दिलं की सात हा आकडा फार लहान आहे. त्यांनी मान डोलावली आणि दुसरं पान उघडलं. "हे ऑगस्टचे नऊ दिवस. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, ट्रॉलर झाडून सगळे बाहेर. नऊ दिवसांत एकदाही नाही."

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रॉली ओढत नेत होतं, तिच्या चाकाचा करकराट दूर जाईपर्यंत रेडकर पानाची दुमडलेली कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. चीफचं म्हणणं नसतं."

"मग मला वहीवरून अहवाल बदलता येणार नाही. तुमची वही म्हणजे पुरावा नव्हे. ती पूर्वग्रहाची यादीही असू शकते. माणूस हवं ते टिपतो, नको ते विसरतो."

"खरं आहे," रेडकर म्हणाले. वही मिटली. दारापर्यंत गेले आणि वळले. "बाई, राखीव इशारा-संच एक आहे आमच्याकडे. तपासून झालाय. तुमची सही राहिलीय त्याच्यावर. उद्या आठ वाजता जीप पाठवू?"

न पाहता मी सही करत नसे, हे त्यांनी तीन दिवसांत हेरलं होतं.

रात्री मला झोप आली नाही. कारण सात नव्हतं, नऊ होतं. सातचा खुलासा माझ्याजवळ होता. नऊ दिवस बोटी समुद्रावर असून इशारा नाही, आणि मंगळवारी बोटी असून पाच वेळा नाही, याचा नव्हता. योगायोग हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरू देत नसे.

बुधवारी जीप मला तळावरच्या कार्यशाळेकडे न नेता धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला घेऊन गेली. तिथे दगडी बांधावर रेडकरांनी राखीव संच मांडून ठेवला होता. संचाचे चारही कान एका लाकडी स्टुलाला चार दिशांनी पट्टीनं बांधलेले, वायरी जीपच्या बॅटरीला. शेजारी एक थर्मास.

"ही तपासणीची पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"पुस्तक लिहिणारे कधी इथं बसले नाहीत, बाई. हे कानाला लावा."

मी हेडफोन कानाला लावले. समोर खाडीच्या तोंडाशी बारा-पंधरा ट्रॉलर पसरले होते. त्यांची रडारं स्पष्ट ऐकू येत होती. टिक. टिक. मी घड्याळ लावलं. दर अडीच सेकंदांनी एक. मिनिटाला चोवीस फेरे घेणारी तबकडी. अगदी भोईटे म्हणाले तशी.

"यात मला अनपेक्षित काही नाही," मी म्हणाले.

"चहा घ्या. आठ वीसला पहिलं विमान येईल."

आठ एकवीसला ते खाडीवर वळलं. आणि त्या टिकटिकीच्या मागे, अतिशय क्षीण, एक आवाज सुरू झाला. सुईच्या टोकाएवढा बारीक आणि सलग. तो येत-जात नव्हता. अडीच सेकंद गेले, पाच गेले, दहा गेले, तो तसाच. विमानाची चाकं टेकली त्या क्षणी तो तुटला. घड्याळात एकेचाळीस सेकंद झाले होते.

दुसरं विमान वळलं, पुन्हा तेच. तिसरं. पुन्हा.

फिरणारी तबकडी असं करू शकत नाही. ती क्षणभर पाहते आणि पुढे जाते. हे कुणीतरी टक लावून पाहत होतं, आणि फक्त उतरणाऱ्या विमानाकडे. मूळ किरण विमानावर रोखलेला होता. आमच्या स्टुलापर्यंत त्याची सांडलेली कड तेवढी येत होती.

मग मला नोंद आठवली. एकदा लागलेला इशारा पुढचे तीन सेकंद धरून ठेवायचा, अशी सोय नोंदयंत्रात होती, म्हणजे क्षणिक संकेत नोंदीतून निसटू नये. अडीच सेकंदांनी येणारी टिकटिक आणि अखंड रोखलेला किरण, कागदावर दोन्हींची सारखीच सरळ रेघ. कानाला ऐकू येणारा फरक नोंद पुसून टाकत होती. ती सोय कुणी सुचवली होती, हे शोधायला मला कुठे जावं लागणार नव्हतं. पाच वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर माझीच सही होती.

"दिवा कुठला लागला, बघितलात?" रेडकर म्हणाले.

मी पाहिलं नव्हतं. संचावर चार दिशांचे चार दिवे असतात. लागलेला दिवा ट्रॉलरांच्या बाजूचा नव्हता. तो खाडीच्या पलीकडच्या काठाचा होता, जिथे धक्क्याला एक करडी युद्धनौका उभी होती. आपलीच.

"ही कधीपासून इथे आहे?"

"दुरुस्ती करून मे महिन्याच्या शेवटाला आली. नवीन रडार बसवून. ऑगस्टात नऊ दिवस बाहेर होती. आणि काल."

आपल्या जहाजांच्या रडारांची वेगळी यादी असते. त्यांचा किरण पडला तर संचानं गप्प बसायचं असतं. नव्या रडारचे आकडे कुठल्याशा गोपनीय पाकिटात असणार आणि ते पाकीट आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आलंच नसणार. सोमवारी ते जहाज माझ्या खिडकीतूनही दिसलं असतं. डोळ्यांसमोरची वस्तू मी निरीक्षणात धरली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं. वाटण्याला तुमच्याकडे काय भाव मिळतो, ते काल कळलं." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "आणि जहाजाचं नाव चीफनं कागदावर लिहायचं नसतं, बाई. तुम्ही लिहू शकता."

साडेनऊला मी कमांडर चित्र्यांच्या खोलीत होते. ऐकून त्यांनी आधी दार लावलं, मग जहाजाला फोन लावला. त्यांची बाजू तेवढी मला ऐकू येत होती. "हं... हं... रोज?... अरे, पण कुणाला विचारून?... नाही, तसं लेखी काही नाही म्हणा..."

हात फोनवर ठेवून ते माझ्याकडे वळले. "तालीम म्हणतात. रडारवरच्या मुलांना हलतं निशाण हवं असतं, ते कुठून आणणार? आपली विमानं रोज आयती समोरून जातात. चार महिने हेच चाललंय. पण काळजीचं कारण नाही. जहाजावरचा क्षेपणास्त्र-प्रक्षेपक रिकामा असतो."

"प्रत्येक वेळी?"

"अहो, असतो म्हणतात ना."

"विचारा, प्रत्येक वेळी का."

त्यांनी विचारलं. पलीकडचं उत्तर लांबलं. चित्र्यांनी पेन्सिल उचलली आणि काहीही न लिहिता खाली ठेवली.

"काल समुद्रात त्यांचा प्रत्यक्ष डागण्याचा सराव होता," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यासाठी दोन क्षेपणास्त्रं रविवारी चढवली होती. काल डागली. आता काही नाही."

"आणि सोमवारी सकाळी?"

"सोमवारी... नेहमीची तालीम झाली. पण डागण्याची चावी कप्तानाच्या तिजोरीत होती. धोका शून्य."

"शून्य?"

"जवळजवळ शून्य."

या दोहोंत अंतर किती, ते मला कुणी सांगण्याची गरज नव्हती. सोमवारी या विमानतळावर एकच विमान उतरलं होतं.

अकरा वाजता मंडळापुढे मी माझा सव्वादोन पानी अहवाल ठेवला आणि तो चुकीचा आहे, असं सांगितलं. अध्यक्ष डॉक्टर वयस्क होते. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे अधिकाऱ्याचं मानसिक संतुलन ठीक आहे, असं तुमचं मत?"

"मानसिक संतुलनाबद्दल मला मत नाही. त्यांना जे ऐकू येत होतं, ते अस्तित्वात होतं. तेवढं मी मोजलं आहे."

"मग इतर वैमानिक का नाही बिथरले?"

"त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांनी ऐकणं सोडून दिलं होतं. मंडळाला तपासायचंच असेल, तर त्यांना तपासावं."

कमांडर चित्रे खोकले. पुढचं काम वीस मिनिटांत आटोपलं. भोईट्यांचं उडणं चालू राहिलं. जहाजाची तालीम त्याच दुपारी बंद झाली, आणि नव्या रडारचे आकडे आठवड्याभरात आमच्याकडे आले. नोंदयंत्रातली ती तीन सेकंदांची सोय मी काढून टाकली. त्या बदलाच्या कागदावर कारण लिहायचा रकाना असतो. त्यात मी सुधारणा एवढंच लिहिलं.

परंतु मला सांगायचं आहे ते व्हरांड्यातलं. गाडीला दीड तास होता. जीप यायची होती. भोईटे बाहेर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मी क्षमेचं एक वाक्य मनात बांधत होते. ते नीट बसत नव्हतं.

"काय मॅडम, चोर सापडला म्हणे. घरातलाच."

"तुमचं म्हणणं बरोबर होतं. नोंद चुकीची होती. आणि यंत्राबद्दल मी जे बोलले..."

"जाऊ द्या. फलटणला आमची आजी याहून कडक बोलते." ते कठड्याला टेकले. मग आवाज उतरवून म्हणाले, "एक सांगू? मंडळाला नाही सांगितलं. चार महिने ती गप्प असली तरी मला ऐकू यायची. घरी ताट समोर आलं तरी तो आवाज कानात असायचा. सोमवारी तुमच्या म्हणण्यावरून कळ बंद केली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच मी निवांत उतरलो. खाली भाताची खाचरं दिसली. हिरवीगार. कधी पाहिलीच नव्हती मी ती. वाटलं, मॅडम म्हणतात तेच खरं असावं. आत्याबाई माझ्या डोक्यातच असावी." ते हसले. "आता कळतंय, तेव्हाही कुणीतरी रोखून होतंच. पण त्यांचं सगळं रिकामंच असायचं ना? चित्रे सर म्हणाले, तालीम होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारी पिना मोजताना पाहिलं होतं तसं, दाखवाल ते मोजून घेईन अशा नजरेनं.

"रिकामंच," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा वर केला.

जीप आली. रेडकरांनी माझी बॅग मागे ठेवली आणि राखीव संचाचा कागद पुढे केला. "सही राहिली, बाई." मी तो कागद तीनदा वाचला आणि सही केली.

भोईटे आणखी नऊ वर्षं उडले. आता फलटणजवळ त्यांची डाळिंबाची बाग आहे. दर दिवाळीला एक पेटी येते आणि ती पोचल्याचा फोन मी करते. बोलणं पावसावर होतं, डाळिंबावरच्या तेल्या रोगावर होतं, रेडकर गेले तेव्हा त्यांच्यावर झालं. फोन ठेवण्यापूर्वी ते न चुकता विचारतात, "काय म्हणते आत्याबाई?" मी म्हणते, गप्प आहे.

माझ्या नावावर एकशे चौदा तांत्रिक अहवाल आहेत. त्यांत चुका आहेत. काही मी शोधल्या, काही इतरांनी. जाणूनबुजून केलेलं खोटं विधान एकच आहे, आणि ते कुठल्याच अहवालात नाही.